दृष्टिपटलाचे वाचन : एका प्रतिमेचा इतिहास

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव अभ्यासकांना माहीत आहे ते तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे आणि भुईकोट किल्ल्यामुळे. मंदिराच्या बाह्यभिंतींवरील मूर्ती दाखवण्यासाठी आम्ही एकदा एम. ए. च्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. सोबत त्या परिसरातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मोडी आणि जुन्या बाळबोध पोथ्या वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेला तो अपूर्व ग्रंथ, आम्हांला प्रथम समजावून सांगितला तो त्यांनीच. त्या दिवशी मात्र मंदिराच्या भिंतीपुढे उभे राहून ते म्हणाले, "तुम्हीच सांगा आता. मला मूर्ती दिसते, पण तिचा चेहरा दिसत नाही."

गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या. दोन वर्षांत चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता आणि प्रत्येक वेळी त्यांना सांगण्यात आले होते, की मोतिबिंदू आहे, पिकला की काढू. त्या बारा वर्षांत डोळ्याच्या आतला पडदा कोणी पाहिला नव्हता. पुढे तालुक्याच्या ठिकाणी एका शिबिरात त्यांच्या डोळ्यांचा फोटो काढण्यात आला. उजव्या डोळ्याचा फोटो निघालाच नाही, कारण आत रक्त साचले होते. डाव्या डोळ्याचा निघाला. तो संगणकाच्या पडद्यावर पाहताना आम्ही त्यांच्या शेजारी उभे होतो. केशरी-तांबूस गोल, त्यात एका तेजस्वी चकतीतून फुटलेल्या रक्तवाहिन्यांच्या शाखा, मध्येच सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि पिवळसर डागांची एक साखळी. डॉक्टर ते ठिपके एखाद्या ओळीवर बोट ठेवावे तसे दाखवीत होते. आयुष्यभर इतरांना अक्षरे वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या डोळ्यातला मजकूर दुसरेच कोणी वाचत होते, आणि तो वाचायला बराच उशीर झाला होता.

तो उशीर का झाला, या प्रश्नाने आम्हांला या प्रतिमेच्या इतिहासाकडे नेले. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नाही. परंतु एखादी गोष्ट वाचता येणे म्हणजे काय, ती कोणाला वाचता येते आणि वाचल्यावर पुढे काय होते, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके नाहीत.

डोळ्याची बाहुली काळी का दिसते, येथून हा इतिहास सुरू होतो. बाहुली म्हणजे खरे तर एक भोक आहे. त्यातून आत गेलेला प्रकाश मागच्या पडद्यावर पडतो आणि त्यातला काही भाग आल्या वाटेने परत येतो. तो परत येणारा प्रकाश पाहायचा तर आपला डोळा नेमका प्रकाशाच्या वाटेवर हवा. पण तेथे डोके नेले की प्रकाशच अडतो. म्हणून हजारो वर्षे माणसाने माणसाच्या डोळ्यांत पाहिले, त्यांवर काव्ये रचली. परंतु जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत त्याला पाहता आले नाही. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हे क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्र शिकवीत होते. ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या खटपटीत १८५० साली त्यांनी तिरप्या काचा आणि भिंगे यांची एक साधी जुळणी केली. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परत येणारा प्रकाश त्याच काचेतून पलीकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचे. १८५१ मध्ये त्यांनी या नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. शिकवण्याच्या गरजेतून एक मोठे उपकरण जन्माला आले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष वाटते.

याच कथेला एक उपकथानक आहे. गणकयंत्राच्या कल्पनेमुळे प्रसिद्ध असलेले चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच असे उपकरण तयार करून लंडनचे नेत्रतज्ज्ञ टॉमस व्हार्टन जोन्स यांना दाखवले होते. जोन्स यांना त्याचे महत्त्व कळले नाही आणि ते तसेच पडून राहिले. उपकरण असणे आणि त्यातून काय पाहायचे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात हे अंतर पुन्हा पुन्हा आडवे येते.

नेत्रदर्शक हाती आल्यावर पाचेक वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ट फॉन येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील पिवळसर डाग आणि रक्तस्राव यांचे वर्णन केले. येगर उत्तम चित्रकार होते. दिसलेले दृष्टिपटल ते हाताने रंगवीत. तरीही त्यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. त्या काळचे अग्रगण्य नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी मधुमेहाशी या डागांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही अशी हरकत घेतली. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये एडवर्ड नेटलशिप आणि जर्मनीत व्हिल्हेल्म मान्झ यांनी आणखी वर्णने दिली. तरी हे विकार मधुमेहाचे की रक्तदाबाचे आणि वार्धक्याचे, हा वाद पुढे कित्येक दशके चालू राहिला. १९४० च्या दशकात ग्लासगोचे आर्थर बॅलंटाइन यांनी सूक्ष्म केशवाहिन्यांवर येणारे फुगवटे हे मधुमेही दृष्टिपटलाचे ठळक लक्षण असल्याचे दाखवून दिले. गुरुजींच्या फोटोतले सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके ते हेच.

मधल्या काळात एक मोठी घटना घडली होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. तोवर कोवळ्या वयात मधुमेह झालेला रुग्ण फार काळ जगत नसे. इन्सुलिनने त्याला आयुष्य दिले, आणि त्या वाढलेल्या आयुष्यात एक नवे संकट समोर आले. दृष्टिपटलाचा विकार हळूहळू, मधुमेहाच्या वर्षांगणिक वाढतो. तो प्रकट होण्याइतकी वर्षे रुग्ण जगू लागला होता. रक्तातील वाढलेल्या साखरेने केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांतून द्रव आणि स्निग्ध पदार्थ झिरपतात, काही वाहिन्या बंद पडतात. रक्ताला आसुसलेले दृष्टिपटल मग नव्या वाहिन्यांना बोलावणे धाडते. या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की केव्हातरी फुटतात आणि डोळा आतून रक्ताने भरतो. दुसरीकडे, ज्या पीतबिंदूच्या बळावर आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो, तेथे सूज येते. सर्वांत कठीण गोष्ट अशी, की बराच काळ यातले काहीही रुग्णाला जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, लाली येत नाही. अक्षर पुसट होईपर्यंत आतले पुष्कळसे घडून गेलेले असते.

म्हणूनच रुग्णाच्या तक्रारीची वाट न पाहता प्रतिमा घेणे, हा या रोगाबाबतचा खरा बदल होय. छायाचित्रणाची सुरुवात फार कष्टाची होती. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी कॅमेरा रुग्णाच्या डोक्याला बांधून सुमारे अडीच मिनिटे प्रकाश द्यावा लागला. अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने त्याने करून पाहावे. १९२० च्या दशकाच्या मध्यास स्वीडनचे योहान नॉर्डेन्सन यांच्या आराखड्यावरून येना येथील कार्ल झाइस कंपनीने दृष्टिपटलाचा व्यावहारिक कॅमेरा बाजारात आणला. पुढे विजेच्या क्षणिक झोताने तो वेळ सेकंदाच्या अंशावर आला.

१९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातल्या नोव्हॉटनी आणि आल्व्हिस या दोन तरुणांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसीन हे चमकणारे द्रव्य टोचून दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोणती वाहिनी झिरपते आणि कोणती बंद आहे, हे तिने स्पष्ट दिसू लागले. परंतु टोचणे आले, मळमळ आली, क्वचित तीव्र प्रतिक्रिया आली. म्हणजे रुग्णालय आले. गावोगावच्या तपासणीला ती पद्धत चालणारी नव्हती. तेथे उपयोगी पडले ते अंगाला न टोचणारे मार्ग. जपानी कंपन्यांनी असे कॅमेरे केले, की जे अवरक्त किरणांच्या साहाय्याने डोळा नेमका धरतात. हे किरण डोळ्याला दिसत नसल्याने बाहुली आकसत नाही, आणि अनेकदा बाहुली मोठी करणारे थेंब न घालताही छायाचित्र मिळते. १९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी प्रकाशलहरींच्या परस्परमेळातून दृष्टिपटलाचा आडवा छेद दाखवणारी पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. आज डॉक्टर 'ओसीटी काढा' म्हणतात ती हीच. कॅमेरा पृष्ठ दाखवतो, ओसीटी थरांतील सूज मायक्रोमीटरमध्ये मोजते.

परंतु आमच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत रोचक टप्पा यंत्राचा नाही, तो वाचनाच्या शिस्तीचा आहे. एकाच छायाचित्राकडे पाहून एक डॉक्टर विकार सौम्य म्हणे, दुसरा गंभीर. १९६८ मध्ये अमेरिकेत एअर्ली हाउस येथे तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी काही छायाचित्रे प्रमाण म्हणून ठरवली. एवढा रक्तस्राव म्हणजे ही पायरी, नव्या वाहिन्या एवढ्या असल्या की ती पायरी. संहितेची चिकित्सक आवृत्ती तयार करताना संपादक आधी पाठनिर्णयाचे निकष ठरवतो. निकषांवाचून पाठभेदांची नुसती यादी उरते. येथेही तसेच घडले. प्रमाण ठरल्यामुळेच पुढची मोठी चाचणी शक्य झाली.

ती चाचणी होती प्रकाशाने डोळा वाचवता येतो का, याची. जर्मन डॉक्टर गेर्ड मायर-श्वीकराट यांनी १९४५ चे सूर्यग्रहण पाहून दृष्टिपटल भाजलेला रुग्ण पाहिला, आणि जो प्रकाश भाजतो तोच नेमका वापरला तर उपचार करील, अशी कल्पना त्यांना सुचली. ग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नये हे आपल्याकडे आजी सांगत असे. त्या भाजण्याच्या पलीकडे पाहिले ते यांनी. आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉन दिवा आणि नंतर लेझर, अशी ही वाट गेली. १९७० च्या दशकात अमेरिकेत १,७०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वेळेवर केलेल्या लेझर उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे १९७६ पर्यंत दिसून आले. येगरांनी रंगवलेल्या डागांना व्यवहारात अर्थ प्राप्त झाला तो या वेळी. तोपर्यंत दृष्टिपटल वाचणे हे केवळ भविष्य सांगणे होते. आता त्या वाचनाने भविष्य बदलता येऊ लागले.

ज्या देशांनी हे मनावर घेतले तेथे परिणाम दिसले. आइसलँडने १९८० पासून मधुमेह्यांची नियमित नेत्रतपासणी सुरू केली. इंग्लंडने २००३ पासून राष्ट्रीय पातळीवर दृष्टिपटलाच्या छायाचित्रांची योजना उभारली. २००९-१० च्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसले, की इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातील अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण मधुमेही नेत्रविकार हे आता राहिलेले नाही. किमान पाच दशकांत असे प्रथमच घडले होते.

आता आपल्याकडे वळू. येथे भाषेचा एक मुद्दा मांडावासा वाटतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत, डोळ्याच्या थरांना 'पटल' म्हटले आहे आणि दृष्टी मंदावण्याच्या पायऱ्यांना तिमिर, काच, लिंगनाश अशी नावे दिली आहेत. प्रमेहाचा विचार त्याच संहितेत निदानस्थानात वेगळा आहे. लोकभाषेने मोतिबिंदू आणि काचबिंदू हे शब्द घरोघर पोचवले. मोतिबिंदू हा शब्द तर इतका सुंदर आणि चपखल आहे, की त्याने आपल्या मनात अंधत्वाचे एक संपूर्ण कथानक रुजवले: वय झाले, मोती धरला, तो पिकला, काढला, पुन्हा दिसू लागले. मराठवाड्यात या कथानकाला सत्याचा मोठा आधार आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात सुरू झाले. तेथे काम केलेले डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या नेत्रतज्ज्ञांच्या शस्त्रक्रियांनी आणि शिबिरांनी असंख्य वृद्धांना दृष्टी परत मिळाली. त्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. पण त्याच यशाची एक सावली अशी, की गावात 'दिसत नाही' म्हणजे 'मोतिबिंदू' हे समीकरण पक्के झाले. मधुमेही दृष्टिपटलविकाराला लोकभाषेत नावच नाही. 'डायबेटिक रेटिनोपथी' ओठांवर बसत नाही, आणि 'मधुमेहजन्य दृष्टिपटलविकृती' हा शब्द कोशातच राहतो. फार तर 'शुगरमुळे पडदा खराब झाला' असे म्हणतात, तेही खराब झाल्यावर. मोतिबिंदूसाठी थांबता येते, इथे थांबता येत नाही, हा सगळा फरक त्या नसलेल्या शब्दात हरवतो. गुरुजींचे तेच झाले. ते अडाणी नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांना ठाऊक असलेल्या एकमेव कथानकाप्रमाणे ते मोती पिकण्याची वाट पाहत होते.

प्रश्न किती मोठा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात चाळिशीपुढील मधुमेह्यांपैकी १२.५ टक्के लोकांत दृष्टिपटलविकार आणि ४ टक्के लोकांत दृष्टी धोक्यात आणणारी अवस्था आढळली. टक्केवारी लहान वाटते. कोटींच्या पटीत ती लहान राहत नाही. एवढ्या लोकांचे डोळे दरवर्षी पाहण्याइतके नेत्रतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत.

या अडचणीतून एक वाट महाराष्ट्रातच शोधली गेली. मुंबईचे डॉ. एस. नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत या विकाराचे सर्वेक्षण केले. पुढे महानगरपालिकेच्या दवाखान्यांत त्यांनी स्मार्टफोनवर बसवलेला दृष्टिपटलाचा कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली यांची परीक्षा घेतली. फोटो काढणारी व्यक्ती नेत्रतज्ज्ञ नव्हती. थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेली आरोग्यसेवक होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ जणांच्या प्रतिमांचे विश्लेषण झाले. तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक होते अशांपैकी एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांना पाठवण्याची गरज नव्हती त्यांपैकी ८८.४ टक्के लोकांना त्याने बरोबर ओळखले. अभ्यास लहान होता, हे खरे. तरीही ज्या दवाखान्यात मधुमेहाची गोळी मिळते त्याच दवाखान्यात, त्याच भेटीत डोळ्याचा फोटो निघू शकतो, ही गोष्ट त्यातून दिसली.

यंत्र कसे वाचते, हेही पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अशाच एका प्रणालीला १,२८,१७५ प्रतिमांवर शिकवण्यात आले होते. त्यांपैकी काही प्रतिमा मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचे नारायण नेत्रालय येथील होत्या, आणि त्या आधी ५४ डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. म्हणजे यंत्राच्या मागे माणसांच्या वाचनाची परंपराच उभी आहे; एअर्ली हाउसमधले निकष तिच्या मुळाशी आहेत. अर्थात यंत्राला त्याची मर्यादा आहे. दाट मोतिबिंदू किंवा फार लहान बाहुली असेल तर प्रतिमा धूसर येते, आणि धूसर पान यंत्रालाही वाचता येत नाही. अशा वेळी 'काही दोष नाही' असे न म्हणता 'वाचता आले नाही, डॉक्टरांकडे जा' असे सांगणे हाच प्रामाणिकपणा होय. जुन्या पोथीचा संपादक त्रुटित जागा ठिपक्यांनी दाखवतो, मनाने भरत नाही.

आता पुन्हा धर्मापुरीच्या परिसराकडे येऊ. मुंबईच्या दवाखान्यात जे जमले ते बीड जिल्ह्यात जसेच्या तसे जमेल असे नाही. या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता परततात. हिवाळ्यात गावात शिबिर भरवले, तर ज्यांचे डोळे पाहायला हवेत ते फडात असतात. उन्हाळ्यात फोटो काढला आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले, तर तोवर कोयता पुन्हा निघालेला असतो. कॅमेरा हातात मावू लागला, पण तपासणीचे पंचांग अजून गावाच्या पंचांगाशी जुळवायचे आहे. दुसरी गोष्ट, फोटोत विकार दिसल्यावर लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शनसाठी जायचे कोठे, किती वेळा, कोणाबरोबर, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? उपचारापर्यंत न पोचलेली प्रतिमा ही येगरांच्या रंगीत चित्रासारखीच राहते. ती खरी असते. पण कोणाला वाचवीत नाही. बॅबेजच्या उपकरणाचे जे झाले ते प्रतिमेचेही होऊ शकते.

गुरुजींच्या डाव्या डोळ्यावर लेझर झाले. दृष्टी वाढली नाही, पण होती तेवढी राहिली. उजवा डोळा शस्त्रक्रियेनंतरही परतला नाही. मोठ्या भिंगाखाली, भरपूर उजेडात, ते अजून थोडे वाचतात. मागच्या भेटीत त्यांनी आमच्यापैकी एकाला विचारले, "तुम्हांला शुगर होऊन किती वर्षे झाली?" चार, असे उत्तर मिळाले. "आणि पडदा किती वेळा पाहिला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चाळिशी ओलांडलेली, दिवसभर उत्तरपत्रिका आणि ग्रंथ यांत डोळे घालणारी माणसे. आमच्या वाचकांतही अनेक जण असेच असतील. पुढच्याच आठवड्यात आम्ही फोटो काढून घेतला. पाच मिनिटे लागली. काही टोचले नाही, काही दुखले नाही. पडद्यावर तोच केशरी गोल आला, त्या तेजस्वी चकतीतून निघालेल्या त्याच शाखा. ठिपके नव्हते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा या. ती तारीख आम्ही वहीत लिहून ठेवली आहे.